छटाकची साखर

खोली दाखवायला काका वर आले ते हातात टेप घेऊनच. मी वसमतला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नवीनच लागले होते. डोंगरकड्याजवळच्या आमच्या तांड्यावरून रोज एसटीनं ये-जा करून जीव मेटाकुटीला आला होता, म्हणून भाड्याची खोली शोधत होते. काकांनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं, "धर पोरी" म्हणाले आणि खोली मोजायला लागले. दहा बाय दहा म्हणून सांगितलेली खोली एका अंगाला दोन बोटं कमी भरली. एवढंसं तोंड झालं त्यांचं. मी म्हटलं, काका, दोन बोटांनी काय होतंय, मी काय भिंतीला चिकटून झोपणार आहे का. तर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की ती दोन बोटं जणू मीच खिशात घालून निघाले होते.

हा माणूस वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेला. मोंढ्याच्या बाजारातल्या हळदीच्या आडत्यांचे काटे तपासण्यात सगळी नोकरी गेली, आणि नोकरी सुटली तरी तपासणी काही सुटली नाही. भाजीला निघाले की पिशवीत स्वतःची वजनं. त्या ओझ्यानं एक खांदा कायमचा उतरला होता, त्यामुळे काका लांबून येताना स्वतःच बिघडलेल्या तराजूसारखे दिसायचे. हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, भाजीवाल्या म्हणायच्या. दूधवाला हट्टा गावाकडून मोटारसायकलवर यायचा. त्याचं दूध काका रोज सकाळी स्वतःच्या मापात ओतून बघायचे, रोज ते बराबर भरायचं आणि रोज काका जरासे निराश होऊन घरात जायचे. दवाखान्यात गेले तर वजनकाट्यावर उभं राहण्याआधी पिशवीतलं पाच किलोचं वजन त्यावर ठेवून बघणार. एकदा ताप आला तर डॉक्टरांनी थर्मामीटर पुढं केलं. काकांचा हट्ट, की आधी तुमच्या स्वतःच्या काखेत धरा, बिनतापाच्या माणसाला किती दाखवतं ते कळू द्या. डॉक्टरांनी धरलं. न धरून करतात काय.

पौर्णिमेला विहारात खीर वाटायची असली की मोठीच पंचाईत. काका पळी घ्यायचे नाहीत, घरचं मापटं घेऊन उभे राहायचे. प्रत्येकाला काठोकाठ, थेंब इकडं नाही की तिकडं नाही. म्हाताऱ्यांना तेवढीच, लेकरांना तेवढीच. कुणी "साहेब, अजून जरा" म्हटलं की नाही म्हणजे नाही. शेजारी एक बाई पळीनं वाढायची. सगळी रांग तिच्यापुढं, आणि काका भरलेलं मापटं धरून एकटेच उभे. मला हसू आवरायचं नाही. एकदा त्यांनी मला हसताना पकडलं. रागावले नाहीत. परतताना रस्त्यात त्यांनी सांगितलं, की त्यांचा आजा गावात दुसऱ्याच्या शेतावर राबायचा आणि सुगीला खळ्यावर त्याची मजुरी ज्वारीत मोजून मिळायची. मोजणारा मापात अंगठा घालून मोजायचा. प्रत्येक मापाला एक अंगठा.

"आमचा आजा पाहून राहायचा, पण बोलता येत न्हवतं," काका म्हणाले. "त्या अंगठ्याएवढ्या जागेत आमच्या बापाची भाकर होती."

त्यानंतर मी त्यांच्या मापट्याला हसले नाही. बाकी सगळ्याला हसले.

तर अशा माणसाच्या घरात एक मांजर होती. बायको आधीच वारलेली, मुलगा पुण्याला, आणि खाली एवढ्या घरात काका आणि ती मांजर. ती हळदीच्या गोदामात जन्मलेली. काका शेवटच्या तपासणीला गेले तेव्हा पोत्यांच्या थप्पीमागून एक पिवळंजर्द पिल्लू बाहेर आलं आणि थेट काट्याच्या पारड्यात जाऊन बसलं. वजन काय, तर जेमतेम एक छटाक, म्हणजे जुन्या शेराचा सोळावा हिस्सा. हे काकांचं म्हणणं. घरी आणून धुतल्यावर ते पांढरं निघालं आणि नाव छटाक पडलं. मी राहायला गेले तेव्हा ह्या छटाकचं वजन भरत होतं सहा किलोच्या वर. काकांनी ते काट्यावर घेतलेलं असल्यामुळे त्यात शंका काढायला जागा नव्हती. छटाक दूध चोरायची, बोंबील चोरायची, माझ्या डब्यातलं वरणसुद्धा सोडायची नाही, आणि काकांना तिचं कौतुक. "चोरी करती, पण समोर करती," म्हणायचे. "मापात मारत न्हाई."

मग छटाक ढसाढसा पाणी प्यायला लागली. खायची तेवढंच, उलट जास्तच, आणि तरी दिवसेंदिवस उतरत चालली. काकांनी दूधवाल्यावर संशय घेतला, दुसरं काय करणार. मी एका सकाळी अंगण झाडत होते, तर छटाक जिथं वाळूत बसायची तिथं मुंग्यांची ही रांग लागलेली. मी दिवसभर लोकांच्या लघवीच्या बाटल्या हाताळणारी बाई, मला मुंग्या बघूनच कळलं. म्हटलं काका, हिला शुगर झाली. काकांचा पहिला प्रश्न, की मुंग्यांचं खरं कशावरून धरायचं.

परभणीला जनावरांच्या डॉक्टरीणबाई होत्या, त्यांच्याकडं आम्ही तिला झाकणाच्या टोपलीत घालून नेलं. बसमध्ये तिनं सगळा रस्ता शिव्या दिल्या. बाईंनी रक्त बघितलं, शुगर फार वाढलेली. पण त्या म्हणाल्या, मांजर घाबरलं की त्याची साखर अशीही वर चढते, तेव्हा दवाखान्यातल्या आकड्यावर मी इंजेक्शनचा डोस ठरवणार नाही. घरी साखर मोजायचं मशीन आणा, कानाच्या कडेचा थेंब घ्या, तीन-चार दिवसांचे आकडे मला कळवा. डोस कमी पडला तर उपयोग नाही आणि जास्त झाला तर साखर एकदम खाली जाऊन मांजर हातचं जाईल. आणि उशीर करू नका, तिच्यात फार ताकद उरलेली नाही.

काकांनी विचारलं, मशीन कुठलं घ्यायचं. बाईंनी सरळ सांगितलं. थेंब अगदी लहान लागणारं घ्या, कारण मांजराच्या कानात रक्त असून असून किती असणार. ज्याच्या पट्ट्या तुमच्या गावात कधीही मिळतील असं घ्या. जनावरांचं वेगळं मशीन मिळतं, ते जास्त बरोबर, पण पट्ट्या बाहेरून मागवाव्या लागतात. माणसाचंही चालेल, फक्त ते मांजराची साखर खरी असते त्यापेक्षा थोडी कमी दाखवतं. आणि एकदा घेतलं की तेच ठेवा, बदलू नका.

बाईंनी शेवटचं सगळं चांगलं सांगितलं हो, पण "थोडी कमी दाखवतं" ह्या तीन शब्दांनंतर आमच्या माणसाच्या कानात काही शिरलंच नाही. परतीच्या बसमध्ये मांजर गप्प आणि हे सुरू. कमी दाखवतं. कमी दाखवतं आणि ह्या बाई म्हणतात चालेल. असं चालेल म्हणलो असतो मी, तर मोंढ्यात माझा पुतळा उभारला असता आडत्यांनी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन मेडिकलमधून दोन वेगळ्या कंपन्यांची माणसांची मशीन आणली आणि मुलाला फोन करून जनावरांचं तिसरं मागवलं. आलेली दोन टेबलावर ओळीनं मांडली. मला वाटलं झालं, आता कानाला टोचायचं. कसलं काय. मांजराला लावण्याआधी मशीन तपासायला नको का. काकांनी गल्लीतल्या माणसांना चहाला बोलवायला सुरुवात केली. आलेल्या माणसाचा चहा होईस्तोवर बोट टोचलेलं असायचं. एकाच बोटाचा थेंब दोन मशीनवर, दोन आकडे वेगळे. काकांचा चेहरा असा, की दिवसाढवळ्या दरोडा पडलाय. आमच्या समोरच्या किराणावाल्याला ह्या भानगडीत आपली शुगर कळली, तो तेव्हापासून काकांशी बोलत नाही. लोक चहाला यायचे बंद झाले.

मग काकांना एक युक्ती सुचली. माणसाच्या रक्तात किती साखर ते कुणाला माहीत, पण पाण्यात किती साखर घातली ते तर आपल्याला माहीत. त्यांनी पितळी तराजू काढला, शेजारच्या कारखान्याची पांढरीशुभ्र साखर तोलली, मोजून पाण्यात विरघळवली आणि तिचा थेंब पट्टीवर दिला. मशीन काही दाखवीना. दुसरं मशीन, तेही काही दाखवीना. जास्त साखर घातली, पाक व्हायची वेळ आली, तरी दोन्ही मशीनच्या मते त्यात साखर नव्हती. काका पेटलेच. पट्ट्यांचा अख्खा डबा संपवून ते वाटीत पाक घेऊन मेडिकलवर गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्या माणसाला म्हणाले, चाटून बघ आणि सांग गोड हाय का न्हाई. त्यानं बिचाऱ्यानं चाटला. गोड म्हणाला. मग काका त्याच्यावर तक्रार करायला निघाले.

मी लॅबमधून धावत आले. त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की ही यंत्रं रक्तातली साखर ओळखतात, तिला ग्लुकोज म्हणतात, चहातली साखर ती नव्हे.  काकांनी त्याच मेडिकलमधून ग्लुकोज पावडरचा डबा घेतला, माफी न मागता. घरी पुन्हा तराजू, पुन्हा पाणी. आता आकडे आले, पण भलतेच, कारण मशीन रक्तासाठी बनवलेलं आणि हे होतं पाणी. मशीनच्या खोक्यात कंपनीनं तपासणीसाठी एक बाटली दिलेली असते, मी म्हटलं ती वापरा. ते म्हणाले, चोराचा काटा तपासायला चोराच्याच घरचं वजन व्हय.  ग्लुकोजचा डबा तेव्हापासून भिंतीतल्या देवळीत पडून राहिला.

हे सगळं होईस्तोवर किती दिवस गेले मला आठवत नाही, पण छटाकच्या अंगावर ते दिसत होते. जनावरांचं मशीन आलं, त्याच्यासोबत पट्ट्या मोजक्याच, पुढच्या मागवल्या त्या रस्त्यातच अडकलेल्या. छटाकचे मागचे पाय खचले होते. मांजर पंजावर चालतं, ही घोट्यावर चालायला लागली, म्हाताऱ्या बाईनं चवडे न उचलता फरफटत जावं तशी. चोरायचं सोडून दिलं तिनं. एक दिवस मी मुद्दाम वरणाची वाटी उघडी ठेवली, तर तिनं नुसती मान वळवून पाहिली. मला रडूच आलं. मी तरातरा खाली गेले. काका टेबलापाशी बसून दोन पट्ट्यांची लांबी मोजत होते.

"काका," मी म्हटलं, "तुमचा काटा बराबर होईस्तोवर तोलायला मांजर राहणार न्हाई."

त्यांनी हातातल्या पट्ट्या खाली ठेवल्या. मी घाबरले, म्हटलं आता खोली खाली करा म्हणतात. वर जाऊन पडले.

सकाळी दार वाजलं. काका छटाकला टॉवेलात गुंडाळून उभे. म्हणाले, कान टोच. मी सॉक्समध्ये तांदूळ गरम करून तिचा कान शेकला, कडेला सुई लावली, टाचणीच्या डोक्याएवढा थेंब आला. काकांनी त्या एका थेंबातून तिन्ही मशीनला वाटणी केली. काय सांगू, त्या वेळी मला ते मापटं आठवलं. संध्याकाळी पुन्हा तेच, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, जनावरांच्या मशीनच्या पट्ट्या संपेपर्यंत. मग काका आकडे समोर घेऊन बसले आणि बऱ्याच वेळानं त्यांनी मला हाक मारली. माणसांच्या दोन मशीनपैकी एकाचं काही खरं नव्हतं. ते कधी खूप कमी दाखवायचं, कधी जास्त. दुसरं मात्र दर वेळी कमीच दाखवायचं आणि जवळपास तेवढंच कमी.

"ह्याला पासंग हाय," काका म्हणाले. एक पारडं जड आणि दुसरं हलकं असलं की तराजूत जो फरक राहतो तो पासंग. त्या पासंगापायी त्यांनी उभ्या मोंढ्याला दंड ठोकले होते. "पण रोज तेवढाच हाय. इमानदार चोर हाय हा. ह्याच्यासंगं धंदा करता येतो."

पट्ट्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत होत्या, थेंबही त्याला लहानच लागत होता. परभणीच्या बाईंनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण ते बोलून दाखवण्याइतकी मी मूर्ख नव्हते. काकांनी बाकीची दोन मशीन कपाटात कुलूप लावून ठेवली. किल्ली करगोट्याला.

फोनवरून आकडे कळवले. बाईंनी डोस ठरवून दिला, सकाळ-संध्याकाळ, आणि एक आकडा सांगितला. ह्याच्या खाली मशीननं दाखवलं तर इंजेक्शन द्यायचं नाही. लगेच तोंडात साखर लावायची आणि मग मला फोन करायचा. काकांनी विचारलं, दुसऱ्या मशीनवर खात्री करून घ्यावी ना. बाई म्हणाल्या, "आधी साखर, मग शंका." काकांना हे बिलकूल पटलं नाही. मला म्हणाले, बाई चांगल्या हायेत, पण आमच्या खात्यात टिकल्या नसत्या.

छटाक मात्र सुधारायला लागली. आठवडाभरात पाणी कमी झालं, मुंग्या गेल्या. मागचे पाय हळूहळू उचलायला लागली. ज्या दिवशी तिनं माझं वरण पुन्हा चोरलं, त्या दिवशी काकांनी दूधवाल्याचं माप न बघता पातेलं आत नेलं आणि मग आठवण होऊन, तो गल्लीच्या तोंडाशी पोचला असताना, त्याला परत बोलावलं.

आणि मग ती संध्याकाळ. मी लॅबमधून आले तर खालचं दार सताड उघडं. काका जमिनीवर फतकल मारून बसलेले, मांडीवर छटाक, तिची मान एका बाजूला पडलेली. सकाळचं इंजेक्शन तिला दिलं होतं आणि दुपारी तिनं खाल्लेलं सगळं उलटून टाकलं होतं. संध्याकाळच्या इंजेक्शनाआधी काकांनी नेहमीसारखा कान टोचला, तर आकडा बाईंनी सांगितलेल्याच्या कितीतरी खाली. मशीन पलंगाखाली उलटं पडलेलं होतं. कपाटाचं कुलूप जसंच्या तसं. देवळीतला ग्लुकोजचा डबा उपडा झालेला, आणि काका ओल्या बोटानं ती पावडर तिच्या हिरड्यांना चोळत होते, पुन्हा बोट बुडवत होते, पुन्हा चोळत होते. त्यांच्या बनियनवर पावडर, मिशीवर पावडर, पितळी तराजूवर पावडर.

मी त्यांच्या शेजारी बसले. काय करावं मला कळेना, म्हणून तिचे पाय चोळत राहिले. काका तिला नाव घेऊन बोलावत होते, छटाक, छटाक, आणि मधेच मला म्हणाले, "पोरी, ह्या मशीननं खोटं सांगितलं असलं तर चालंल मला. खोटंच सांगू दे." हा माणूस हे बोलला. माझा हात थांबला.

मग तिचा कान हलला. थोड्या वेळानं तिनं काकांचं बोट चाटलं, मग चावलं. चांगलं कडकडून चावलं. काका ओरडले नाहीत, बोट तसंच राहू दिलं.

मी परभणीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, म्हणाल्या अगदी वेळेवर केलंत, आता खायला द्या, आत्ताचं इंजेक्शन राहू द्या. दुसऱ्या मशीनवर पाहत बसला असतात तर अवघड होतं, असंही म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "ग्लुकोज किती दिलंत?"

काकांनी आपल्या हाताकडं पाहिलं. मग उपड्या पडलेल्या डब्याकडं. मग तराजूकडं, जो त्यांच्या हातापासून वीतभर लांब होता.

"मोजलं न्हाई," ते म्हणाले.

बाईंना ऐकू गेलं नसावं, त्यांनी पुन्हा विचारलं. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते, मांजर त्यांचं चावलेलं बोट चाटत होतं.

"मोजलंच न्हाई, बाई," काका मोठ्यानं म्हणाले. "लावत गेलो नुसतं."